गाण्यातले शब्द आणि वयात येणारी मुले : एका आईच्या प्रश्नाला उत्तर

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिचा मुलगा आठवीत आहे. तो दिवसभर कानात हेडफोन घालून हिंदी-पंजाबी रॅप ऐकतो, आणि त्यांतल्या एका गाण्याच्या ओळी धाकट्या बहिणीसमोर सहज गुणगुणतो. त्या ओळींत मुलगी म्हणजे पटवायची, मित्रांत मिरवायची आणि नाही म्हणाली तर धडा शिकवायची वस्तू आहे. वडिलांचे म्हणणे असे की गाणेच तर आहे, आम्हीही असलीच गाणी ऐकत मोठे झालो, आमचे काय बिघडले? आईला हे पटत नाही. पुढच्या महिन्यात घरात तिच्या दिराचे लग्न आहे आणि हळदीच्या रात्री याच गाण्यावर नाच बसवण्याची मुलाची तयारी चालू आहे. गाण्याच्या शब्दांनी मुले खरोखर बिघडतात का आणि मोबाइल काढून घ्यावा का, असे दोन प्रश्न तिने विचारले आहेत.

ताई, मी सहा वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले आणि त्यानंतर गेली बावीस वर्षे पश्चिम महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर अनेकदा आलेला आहे. आपली काळजी अनाठायी नाही, हे आधी सांगते. मात्र ती योग्य जागी लावायला हवी, कारण बहुतेक पालक गाण्यातल्या शिवीला, दारूच्या उल्लेखाला किंवा उघड शृंगाराला घाबरतात, आणि जिथे खरोखर घाबरायला हवे ती गोष्ट त्यांच्या कानांवरून अलगद निघून जाते.

पहिल्या प्रश्नाबाबत संशोधन काय सांगते ते आधी पाहू. 2003 साली अमेरिकेतल्या क्रेग अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर पाच प्रयोग केले. हिंसक शब्दांची गाणी ऐकल्यानंतर विद्यार्थ्यांच्या मनात वैरभावाचे विचार आणि भावना वाढलेल्या दिसल्या. चाल आणि बाज सारखाच, पण शब्द हिंसक नसलेल्या गाण्यांनी तसे झाले नाही. 2006 साली जर्मनीतल्या पीटर फिशर आणि टोबियास ग्राइटमायर यांच्या प्रयोगात स्त्रीद्वेषी गाणी ऐकलेल्या तरुणांना दुसऱ्या व्यक्तीसाठी तिखट सॉस वाढायला सांगितले, तेव्हा समोरची व्यक्ती स्त्री असेल तर त्यांनी सॉस जास्त ओतला. पुरुषांचा द्वेष करणारी गाणी ऐकलेल्या मुलींच्या मनातही पुरुषांविषयीचे वाईट गुण आधी वर आले, हेही त्याच प्रयोगमालेत दिसले. पुढे याच ग्राइटमायर यांनी उलट बाजू तपासली, आणि सद्भावनेचे शब्द असलेली गाणी ऐकल्यावर मदतीची वृत्ती वाढते असे त्यांना आढळले.

या प्रयोगांची मर्यादाही सांगायला हवी. हे परिणाम गाणे संपल्यानंतरच्या थोड्या वेळातले आहेत. एका गाण्याने मुलगा गुन्हेगार होतो असे यातून सिद्ध होत नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 2006 सालचाच आणखी एक अभ्यास. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी 12 ते 17 वर्षांच्या 1461 मुलामुलींच्या 2001, 2002 आणि 2004 अशा तीन वेळा मुलाखती घेतल्या, आणि ती कोणत्या कलाकारांची गाणी ऐकतात व त्यांचे लैंगिक वर्तन पुढे कसे बदलते याची सांगड घातली. त्यांनी गाण्यांचे दोन भाग केले होते. एका भागातल्या गाण्यांत शृंगार होता पण माणसाचा अपमान नव्हता, तर दुसऱ्या भागातल्या गाण्यांत स्त्री ही केवळ उपभोगाची वस्तू आणि पुरुष हा कधीही न शमणारी भूक असे चित्र होते. अपमानाची गाणी जास्त ऐकणारी मुले कमी वयात लैंगिक संबंधांकडे वळण्याची शक्यता जास्त दिसली, मात्र नुसत्या शृंगाराच्या गाण्यांबाबत असा संबंध दिसला नाही. हाही निरीक्षणाचा अभ्यास आहे. ज्या मुलांचा कल आधीच तिकडे आहे तीच तशी गाणी निवडत असतील, ही शंका त्यात पूर्ण फिटत नाही. तरीही शृंगार आणि अपमान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यातून जसे स्पष्ट होते तसे मी दुसरीकडे क्वचितच पाहिले आहे, आणि माझ्या कामातला अनुभवही तोच आहे.

हा फरक मराठी माणसाला तसा नवीन नाही. पेशवाईच्या उत्तरकाळात राम जोशी, होनाजी बाळा यांच्यासारख्या शाहिरांनी ज्या लावण्या रचल्या त्यांत शृंगार मोकळा आहे, कधी कधी आजच्या सभ्य बैठकीत संकोच वाटावा इतका मोकळा आहे. पण त्या लावणीत पुष्कळदा स्त्री स्वतः बोलते. ती रुसते, जाब विचारते, वाट पाहते, नकार देते, अटी घालते. रचणारे बहुतेक पुरुष होते आणि नाचणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला समाजाने फार अन्याय वाढून ठेवला होता, हे विसरून मी लावणीचा गौरव करणार नाही. तरी गाण्याच्या आत पाहिले तर तिथे दोन माणसे असतात. आपला मुलगा गुणगुणतो त्या ओळींत माणूस एकच आहे, आणि मुलगी गाडी, बूट व घड्याळाच्या यादीत बसवलेली आहे. मला आक्षेप आहे तो यावर.

वडिलांचा मुद्दाही मी बाजूला सारत नाही. ते म्हणतात की आम्हीही असली गाणी ऐकली. बरोबर आहे. आपल्या गावांत होळीपासून रंगपंचमीपर्यंत शिमग्याच्या बोंबा आणि अचकट-विचकट गाणी चालतच आली आहेत. पण त्या मोकळेपणाला दिवसांचे कुंपण होते. पाच दिवस संपले की तेच तोंड पुन्हा आई-बहिणीसमोर नीट बोलत असे, आणि हे आता बंद करायचे असते हे लहान मुलालाही कळत असे. आज खिशातल्या मोबाइलमध्ये शिमगा बारा महिने चालतो. पंधरा सेकंदांचे रील असते, त्यात गाण्याची फक्त सर्वांत झणझणीत ओळ असते, आणि तीच ओळ दिवसातून पन्नास वेळा वेगवेगळ्या चेहऱ्यांवर फिरत येते. वडिलांनी ऐकलेले गाणे आणि मुलगा ऐकतो ते गाणे शब्दांनी सारखे असेलही, पण पोहोचण्याच्या रीतीने सारखे नाही.

‘मुलांना शब्द कळतच नाहीत, ती फक्त ठेका ऐकतात’ असेही मला नेहमी सांगितले जाते. हे अर्धे खरे आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत झालेल्या अभ्यासांतही दिसले होते की लहान मुलांना गाण्याचा अर्थ लागत नाही आणि पुष्कळ किशोरांनाही आपल्या आवडत्या गाण्याचा आशय सांगता येत नाही. पण विचारल्यावर अर्थ सांगता न येणे आणि त्या ओळीची सवय होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सहलीच्या बसमध्ये पन्नास मुले एका सुरात जी ओळ ओरडतात तिच्या अर्थाचा विचार कोणीच करत नाही, आणि नेमके म्हणूनच ती ओळ नेहमीची, साधी, सर्वांना मान्य असलेली गोष्ट होऊन बसते. त्या बसमध्ये पंचवीस मुलीही असतात. त्यांतल्या काही जणी तीच ओळ हसत म्हणतात, कारण गप्प बसले तर ‘हिला मजा कळत नाही’ असा शिक्का बसतो. मुलग्यांवर काय परिणाम होतो हे सगळे विचारतात, पण स्वतःविषयीची ती ओळ स्वतःच म्हणायला लागणाऱ्या मुलीचे काय होते, हे मला आजवर फार थोड्या पालकांनी विचारले आहे. आपली धाकटी मुलगी ते गुणगुणणे ऐकते, हे आपण आवर्जून लिहिलेत, म्हणून हे सांगावेसे वाटले.

आता मोबाइलचा आणि बंदीचा प्रश्न. समुपदेशक म्हणून माझ्या दुसऱ्याच वर्षी मी एक चूक केली. स्नेहसंमेलनाच्या आधी एका शाळेत मी न वाजवायच्या गाण्यांची यादी करून सूचना-फलकावर लावायला लावली. आठवड्याभरात ती यादी मुलांच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरलेली होती, आणि ज्यांनी त्यांतली निम्मी गाणी कधी ऐकली नव्हती त्यांनीही ती मिळवून ऐकली. शिवाय त्या वर्षी कोणत्याच मुलाने माझ्याजवळ गाण्यांचा विषय काढला नाही. बंदीने मी गाणी थांबवू शकले नाही, आणि मुलांशी होऊ शकणारा संवाद मात्र गमावला.

हे मोठ्या प्रमाणावरही घडलेले आहे. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व प्रसारण मंत्री झाले. ते शास्त्रीय संगीताचे खरे जाणकार आणि हेतूने निर्मळ होते. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते या कळकळीने त्यांनी आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार केले. श्रोते मात्र शास्त्रीय संगीताकडे वळले नाहीत, ते शेजारच्या श्रीलंकेतून ऐकू येणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तिथे अमीन सयानी यांचा बिनाका गीतमालेचा कार्यक्रम सुरू झाला, आणि बुधवारची रात्र घराघरांत त्या कार्यक्रमाची झाली. शेवटी 1957 साली आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करून सिनेगीते परत आणावी लागली. देशाच्या सरकारच्या हातात प्रक्षेपणाची एकमेव यंत्रणा असतानाही जे जमले नाही, ते एका मोबाइलचा पासवर्ड बदलून घरात जमेल असे मला वाटत नाही.

कायद्याकडूनही फार अपेक्षा ठेवू नयेत. सार्वजनिक जागी अश्लील गाणे म्हणून इतरांना त्रास देणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 294 खाली गुन्हा होता आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली आहे, पण त्याचा उपयोग रस्त्यावरच्या छेडछाडीपुरता. चित्रपटातले गाणे सेन्सॉर मंडळाकडे चित्रपटासोबत जाते, मात्र थेट इंटरनेटवर येणारे गाणे त्या वाटेने जात नाही. पंजाब सरकारने नोव्हेंबर 2022 मध्ये बंदुकीचा गौरव करणाऱ्या गाण्यांवर बंदी घातली. नोव्हेंबर 2024 मध्ये हैदराबादच्या कार्यक्रमाआधी एका लोकप्रिय पंजाबी गायकाला दारूची गाणी गाऊ नयेत अशी नोटीस निघाली, तेव्हा त्याने दारूच्या शब्दांजागी दुसरे शब्द घालून तीच गाणी म्हटली आणि श्रोत्यांना काय समजायचे ते समजले.

अमेरिकेत 1985 साली सिनेटच्या समितीपुढे गाण्यांतल्या शब्दांवर गाजलेली सुनावणी झाली आणि त्यातून पालकांना सावध करणारी चिठ्ठी कॅसेट-रेकॉर्डवर आली. आजच्या ॲपमध्ये गाण्याच्या नावापुढे ‘ई’ हे अक्षर दिसते तो त्याच चिठ्ठीचा वारसा. स्पॉटिफायसारख्या ॲपच्या सेटिंगमध्ये अशी गाणी बंद करण्याची सोय आहे आणि ती जरूर वापरावी, विशेषतः दहा वर्षांखालच्या मुलांसाठी. पण ती चिठ्ठी शिवी पकडते, अपमान पकडत नाही. एकही वावगा शब्द नसलेली, गोड चालीची किती तरी गाणी आपण घरात सर्वांसमोर ऐकतो, ज्यांत नायक तीन कडवी नायिकेचा रस्ता अडवतो, ओढणी खेचतो, ती रागावते, आणि चौथ्या कडव्यात ती लाजून हसते. मुलाच्या रॅपवर चिडणाऱ्या पालकांना मी हे दाखवते तेव्हा ते क्षणभर गप्प होतात. ‘नाही म्हणजे हो’ हा धडा रॅपवाल्यांनी आणलेला नाही, तो आपल्याकडे फार आधीपासून फार सुरेल आवाजात शिकवला जातो आहे.

मग करायचे काय? वर्गात मी एक साधी गोष्ट करते, ती घरीही करता येते. नववीच्या वर्गात मी मुलांनाच गाणे निवडायला सांगते आणि त्याचे शब्द फळ्यावर लिहून काढते. चाल नाही, ठेका नाही. ओळी न तोडता, गद्यासारखे सलग. मग एकाला उभे राहून ते वाचायला सांगते, बातमी वाचावी तसे. सुरुवातीला हशा होतो. एका वर्षी शेवटच्या बाकावरचा, एरवी वर्ग डोक्यावर घेणारा एक मुलगा हौसेने उठला. दोन ओळी जोरात वाचून झाल्या, तिसऱ्या ओळीला त्याचा आवाज उतरला, चौथीवर तो थांबला आणि म्हणाला, “मॅडम, हे असं वाचायला कसं तरी वाटतंय.” मी विचारले, कसे तरी म्हणजे कसे? तो बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, “गाण्यात असतं तेव्हा कुणाला तरी म्हणतोय असं वाटत नाही. असं वाचलं की कुणाला तरी म्हणतोय असं वाटतं.” मी त्यावर एक शब्दही बोलले नाही. बाकीचा तास मुलांनीच चालवला. हे बोलणाऱ्याला समोरची मुलगी काय वाटते, तिने काय उत्तर दिले असते, ते उत्तर गाण्यात का नाही, असे प्रश्न त्यांचे त्यांनीच काढले. एका मुलीने फळ्यावर त्या गाण्याला मुलीच्या बाजूचे एक कडवे जोडले, आणि ते मूळ गाण्यापेक्षा चांगले होते असे मुलांनीच ठरवले.

घरी करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. मुलाला पकडल्यासारखे करू नये. ‘तुला हे गाणे का आवडते?’ हा प्रश्न खरोखर उत्तर ऐकण्यासाठी विचारावा. पुष्कळदा उत्तर ठेका, वेग किंवा ‘सगळे ऐकतात’ असेच असते आणि ते खरेच असते. तेरा-चौदाव्या वर्षी गाणे हे टोळीत शिरण्याचे तिकीट असते, आणि ते तिकीट हिसकावून घेतले तर मुलगा एकटा पडतो. दुसरे असे की त्याच बैठकीत आपल्या काळातले, आपल्याला आवडणारे एखादे गाणेही असेच गद्यात वाचावे. वडिलांनी ते वाचले तर अधिक चांगले. मुले दुटप्पीपणा पाच मिनिटांत ओळखतात, आणि वडिलांनी स्वतःचे गाणे तपासायला ठेवले तर ती आपलेही ठेवतात.

गाण्याच्या शब्दांना वजन असते यावर माझा विश्वास प्रयोगशाळेमुळे बसलेला नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी 1922 साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव फिरून भीमगीते म्हटली. ज्यांना पुस्तक परवडत नव्हते आणि ज्यांना वाचता येत नव्हते अशा वस्त्यांतल्या मुलांनी शिक्षण, स्वाभिमान आणि संविधान हे शब्द त्या गाण्यांतून आधी ऐकले. माझ्याकडे आलेल्या कित्येक मुलांच्या आजोबांना ती गाणी अजून तोंडपाठ आहेत, आणि ‘शिकायचं’ हा हट्ट घरात कुठून आला असे विचारले तर ते एखादे गाणेच म्हणून दाखवतात. गाणे माणसाला ताठ उभे राहायला शिकवू शकते हे जो मान्य करतो, त्याला गाणे दुसऱ्याला कमी लेखायलाही शिकवू शकते हे नाकारता येणार नाही. वडिलांना एवढे जरूर सांगावे.

एक वेगळी खूण मात्र आपण पालकांनी ओळखायला हवी. एखादा मुलगा किंवा मुलगी आठवडेच्या आठवडे मरणाची, संपून जाण्याची गाणी रात्री एकट्याने पुन्हा पुन्हा ऐकत असेल, झोप आणि जेवण बदलले असेल, मित्र सुटले असतील, तर तिथे गाणे हे कारण नसून बहुधा मनातले दुःख सांगणारा निरोप असतो. तेव्हा गाण्यावर वाद घालू नये, शेजारी बसून थेट विचारावे, आणि मदत लागली तर मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली-मानस या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक वापरावा. आपल्या पत्रातल्या वर्णनावरून आपल्या मुलाचे तसे काही दिसत नाही.

राहिला हळदीचा कार्यक्रम. मला मुलाच्या नाचापेक्षा त्या मांडवाचीच जास्त चिंता आहे. गेल्या वर्षी एका हळदीत मी पाहिले की डॉल्बीच्या भिंतीसमोर सहा वर्षांची मुलगी एका अशाच गाण्यावर मोठ्या बाईसारखे हावभाव करत नाचत होती, काका नोटा ओवाळत होते आणि आई मोबाइलवर चित्रण करत होती. त्या मांडवात एकही माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना मुलीचे कौतुकच होते. पण मुलांना घरात काय चालते हे कळते ते अशा रात्री, आणि तिथे मोठ्यांनी टाळ्या वाजवलेल्या गाण्यावर दुसऱ्या दिवशी मोबाइलमधून बंदी घातली तर त्या बंदीला काही अर्थ उरत नाही.

म्हणून मोबाइल काढून घेऊ नका. आधी दिरांशी आणि जाऊबाईंशी बोला. डीजेवाले गाण्यांची यादी आगाऊ मागतातच. ती यादी या वेळी घरातल्यांनी बसून करा आणि त्या बैठकीत मुलाला बरोबर घ्या. ठेकेबाज, नाचता येतील अशी पंधरा-वीस गाणी शोधण्याचे काम त्याच्यावरच सोपवा, अट एवढीच की प्रत्येक गाण्याचे शब्द त्याने आजीला न अडखळता वाचून दाखवायचे. कोळीगीते, भारुडे, जुनी-नवी मराठी-हिंदी गाणी, पंजाबी भांगडा यांत असा साठा भरपूर आहे. दोन-चार गाण्यांवर वाद होईल, त्याने हट्ट धरला तर एखादे राहूही द्या. आजीला वाचून दाखवताना तो कोणत्या ओळीवर थांबतो तेवढे लक्षात ठेवा, आणि लग्न आटोपले की त्या ओळीविषयी त्याच्याशी निवांत बोला.